टेनकारा रॉड: पानगळीत एकटीनं नदीवर राहायचं असेल तर

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचत बसायला नको. लहान किंवा मध्यम रुंदीची, दगडगोट्यांतून वाहणारी नदी, पानगळीचे दिवस, सोबत कोणी नाही, तंबूपासून फ्लायच्या, म्हणजे पिसं-दोरा गुंडाळलेल्या नकली किड्यांच्या, डबीपर्यंत सगळं स्वतःच्याच पाठीवर, आणि हाताशी फक्त शनिवार-रविवार. एवढं जुळत असेल तर मासे धरायला टेनकारा, म्हणजे रीळ नसलेला जपानी रॉड, डोळे मिटून घ्या. नदी रुंद असेल किंवा वारा रोजचाच असेल, तर नेहमीचा रीळवाला रॉड बरा. माझ्याकडे दोन्ही आहेत, आणि रीळवाल्यावर माझा राग अजिबात नाही. पण पानगळीत एकटी निघते तेव्हा तो घरी राहतो. कारण एकच: टेनकारा हातात असला की डावा हात मोकळा असतो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर अशाच मापाचे रॉड बरेच जण बनवतात. दुसरं म्हणजे पुढे मी ज्या कुरकुरी करणार आहे त्या माझ्याकडच्या एका नगाच्या आहेत. त्यावरून अख्ख्या कंपनीला नावं ठेवणं बरं नाही.

माझा रॉड ३६० सेंटिमीटरचा, म्हणजे बारा फुटांना जेमतेम कमी. कार्बन फायबरच्या एकात एक सरकणाऱ्या नळ्या, जुन्या रेडिओच्या एरियलसारख्या. मिटला की हातभर उरतो आणि पाठपिशवीच्या बाजूच्या खिशात उभा मावतो. वजन शंभर ग्रॅमच्या आत. मुठीला कॉर्क. रीळ नाही, दोरी ओवायच्या कड्या नाहीत. टोकाला विणलेल्या दोऱ्याचा छोटासा तुकडा चिकटवलेला असतो, त्याला लिलियन म्हणतात. दोरी तिथेच बांधायची. दोरी साधारण रॉडच्याच लांबीची, तिच्यापुढे मीटरभर टिपेट, म्हणजे शेवटचा बारीक धागा, आणि टिपेटला फ्लाय. संपलं सामान.

जपानच्या डोंगरी ओढ्यांवर पोटासाठी मासे धरणाऱ्यांची ही पद्धत. बाहेरच्या जगात तिचा बोलबाला झाला तो २००९ मध्ये अमेरिकेत हे रॉड विकायला लागल्यावर. रिळाशिवाय फ्लायनं मासे धरणं हे काही एकट्या जपानचं नाही म्हणा. मॅसिडोनियातल्या एका नदीवरचे लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून कोंबड्याची दोन पिसं लावतात, काठी सहा फुटांची आणि दोरीही तेवढीच, असं सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या एका रोमन लेखकानं लिहून ठेवलंय. तेव्हा हे काहीतरी नवं खूळ आहे असं कुणी म्हणालं तर त्याला खुशाल मॅसिडोनियात पाठवा.

आता डाव्या हाताचं. रीळवाल्या रॉडला दोन हात लागतात. उजव्यानं रॉड, डाव्यानं दोरी: ती ओढायची, सैल सोडायची, पाण्यावर साचलेली गोळा करायची. सोबत कोणी असेल तर यात काही अडत नाही. पण एकटं माणूस पानगळीतल्या गार पाण्यात मांडीपर्यंत उतरलेलं असतं, पायाखाली शेवाळलेले गोटे, आणि घसरलं तर हात द्यायला कुणी नाही. अशा वेळी एका हातात टेकायची काठी असणं ही चैन नव्हे. टेनकारा उजव्या हातात, काठी डाव्या हातात, आणि पुढचं पाऊल काठीनं चाचपून मगच टाकायचं. वेडरवर, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीवर, कमरेचा पट्टा तर हवाच, पडलात तर आत पाणी भरायला वेळ लागतो. पण मुळात पडायलाच नको, ही सोय मला या रॉडनं दिली. विकणारे वजन, साधेपणा, जपानी परंपरा यांवर पानंच्या पानं लिहितात; मोकळ्या हाताबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

थंडीतली दुसरी सोय बोटांची. पहाटे तापमान शून्याच्या जवळ असतं तेव्हा चार तुकड्यांचा रॉड जोडा, रीळ बसवा, आठ-दहा कड्यांतून दोरी ओवा, आणि मध्येच ती हातातून सुटून सरसर खाली आली की पुन्हा पहिल्यापासून. शून्याखाली गेलं तर कड्यांत बर्फ धरतो, तो दर थोड्या वेळानं नखानं काढा. इथे कड्याच नाहीत. टोकाचं बूच काढायचं, लिलियन बाहेर घ्यायचं, दोरीचा फास त्यात अडकवायचा आणि बारीक नळीपासून सुरुवात करून एकेक नळी ओढत मुठीकडे यायचं. मिटताना उलट, जाड नळी आधी. हा क्रम मात्र मोडायचा नाही. उघडताना जाड नळ्या आधी ओढल्या तर काडीएवढं टोक हातापासून दूर लोंबकळत राहतं आणि पहिल्याच फांदीत अडकून मोडतं.

मासेमारीत तो कसा वागतो ते एका जागेवरून सांगते, कारण अशा जागेसाठीच तो बनलाय. गुडघाभर पाण्यात एक मोठा धोंडा. दोन्ही बाजूंनी जोराची धार, आणि धोंड्यामागे दोन हात रुंदीचं जवळजवळ थांबलेलं पाणी. ट्राउट तिथेच बसतो. कष्ट कमी आणि दोन्हीकडून खाणं वाहत येतं. रीळवाल्या रॉडनं इथे फ्लाय टाकली की जाड दोरी मधल्या धारेवर पडते, धार तिला पोटात ओढते आणि क्षणभरात फ्लाय त्या शांत पाण्यातून खेचली जाते. मासा अशा पळत्या फ्लायकडे बघतसुद्धा नाही. टेनकारात बारा फुटांचा रॉड धारेच्या वरून पलीकडे पोचतो, दोरी हवेतच राहते आणि पाण्याला लागतो तो फक्त टिपेट. फ्लाय धोंड्यामागे टाकली की तिथेच राहते. मी मनात चार-पाच आकडे मोजते, मग टोक बोटभर उचलते आणि पुन्हा सोडते. साकासा केबारी नावाच्या फ्लायची पिसं मागे न झुकता पुढे, गळाच्या डोळ्याकडे, म्हणजे टिपेट ओवायच्या भोकाकडे, झुकलेली असतात. टोक उचललं-सोडलं की ती उघडतात-मिटतात, आणि जागच्या जागी काहीतरी जिवंत हलल्यासारखं दिसतं.

मासा लागल्याचं हाताला कळायच्या आधी दोरीला कळतं. माझी दोरी नारिंगी आहे, मुद्दाम. ती हवेत एका चालीनं सरकत असते आणि मध्येच थबकते, किंवा टोकाशी थोडी आडवी जाते. तेवढ्यावर मनगट उचलायचं. वाट बघितली तर मासा फ्लाय थुंकून मोकळा होतो.

फेकण्याची पद्धत अर्ध्या तासात जमते, हे विकणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. तर्जनी मुठीच्या वर सरळ ठेवायची, हात घड्याळाच्या दहा ते बारा एवढाच हलवायचा आणि वर थांबायचं. ताकद लावली की बिघडतं. रीळवाल्या रॉडवर बरीच वर्षं काढलेल्यांना हे उलट जड जातं, त्यांचा खांदा ऐकत नाही.

पोच साधारण सहा-सात मीटर. एवढी पुरते का? पानगळीत पाणी कमी आणि निवळशंख असतं, मासे बुजरे असतात, म्हणून शंका रास्त आहे. पण माशाला पाण्याबाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो म्हणून ती खिडकी सुमारे ९७ अंशांची असते आणि तिची रुंदी माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट भरते. अर्धा मीटर खोल बसलेल्या माशाला मीटर-सव्वा मीटरचंच गोल भोक दिसतं, आणि क्षितिजालगतच्या सगळ्या वस्तू त्याच्या कडेला चेपून, अंधूक होऊन बसतात. मासा तोंड प्रवाहाकडे करून असतो, म्हणून मागून, खालच्या अंगानं यायचं, कमरेत वाकायचं, भडक कपडे घालायचे नाहीत. एवढं केलं की सहा मीटर म्हणजे बरंच लांब. पायाचा आवाज मात्र खिडकीतून जात नाही. गोट्यावर गोटा वाजला की डोह रिकामा.

आता कुरकुरी.

पहिली, मासा हातात घेणं. रीळ नसल्यानं दोरी आत घेता येत नाही. मासा दमला की रॉड मागे उंच करायचा, डाव्या हातानं दोरी पकडायची आणि तीच ओढत मासा जवळ आणायचा. म्हणजे उजव्या हातात रॉड, डाव्यात दोरी, आणि जाळी कुठे? शिवाय काठी कमरेच्या दोरीला लोंबत पायांत येते. सोबत कोणी असतं तर जाळी त्यानं धरली असती. हा रॉड दिवसभर मोकळा ठेवलेला हात नेमक्या या अर्ध्या मिनिटात परत मागून घेतो. उपाय आहे, तो शेवटी सांगते.

दुसरी, मोठा मासा. दोरी सोडता येत नाही, त्यामुळे तो खालच्या धारेत शिरला तर त्याच्यामागे पळायचं किंवा टिपेट तुटू द्यायचा. एकटीनं निसरड्या गोट्यांवरून पळायचं नसतं, म्हणून मी तुटू देते. टिपेट ५एक्सचा, म्हणजे ०.१५ मिलिमीटर जाडीचा. याहून जाड मी लावत नाही, कारण तुटायचंच असेल तर टिपेट तुटावा, रॉडचं टोक नव्हे. वीत-दीड वीत माशांना हा रॉड अप्रतिम आहे. मूठ अशी थरथरते की छोटा मासाही मोठा वाटतो. त्याहून मोठे मासे जिथे रोज मिळतात तिथे हा नेऊ नका, तोंडात गळ अडकलेले मासे तसेच सोडून देण्यात काही शान नाही.

पानगळीत याला आणखी एक बाजू आहे. उत्तर गोलार्धात ब्राउन ट्राउट ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास अंडी घालतो. मादी उथळ पाण्यातले गोटे शेपटीनं उकरून खळगा करते. भोवतीचे गोटे शेवाळानं काळपट आणि मध्येच घासून काढल्यासारखा फिकट तुकडा दिसला तर समजायचं, खाली अंडी आहेत. त्यावर पाय द्यायचा नाही आणि तिथल्या माशांवर फ्लाय टाकायची नाही. बऱ्याच नद्यांवर या काळात बंदीच असते, ती निघण्याआधी बघून घ्यायची. टेनकारा नेमका उथळ पाण्यात चांगला चालतो, म्हणून या रॉडवाल्यांनी जास्तच सांभाळायला हवं.

तिसरी कुरकुर वाऱ्याची. दोरी म्हणजे फ्लोरोकार्बनची एकसारख्या जाडीची तार, तिला वजन असं नाहीच. झुळूक असेल तोवर ठीक. पानं सरळ उडायला लागली की फ्लाय कुठे पडेल ते वारा ठरवतो. टोक पाण्याजवळ आणून, दोरी आखूड करून थोडं निभावतं. जास्त वारा असेल तर मी सरळ तंबूत जाऊन पडते, रॉडशी भांडत नाही. पाण्यावरून वाहणारी पानं हा वेगळाच ताप. दर दोन-तीन फेकींमागे गळाला पान. पण दोरी हवेत असल्यामुळे अडकतं ते फ्लायलाच, दोरीला पानांचा हार होत नाही, एवढं रॉडच्या बाजूनं.

वेळेचं सांगायचं तर पानगळीत पहाटे उठून धावण्यात अर्थ नाही. पाणी गारठलेलं असतं आणि मासे सुस्त. ऊन पाण्यावर आल्यावर, दुपारच्या आगेमागे, किडे निघतात आणि मासे वर येतात. ढगाळ दुपारी बेटिस जातीच्या बारीक राखाडी-हिरव्या माश्या निघाल्या तर १८-२० नंबरची, म्हणजे अगदी बारीक, फ्लाय लागते. तीही या रॉडवर छान चालते. तिच्या डोळ्यातून टिपेट ओवायला मात्र चष्मा आणि शिव्या दोन्ही लागतात.

मुक्कामाचा संबंध रॉडशी काय, असं वाटेल. संबंध वजनाचा आहे. रीळ आणि रॉडची कडक नळी घरी राहिली की अर्ध्या किलोच्या आसपास वजन वाचतं. ते मी झोपण्यावर खर्च करते. नदीकाठच्या रात्री अंदाजापेक्षा गार असतात, कारण थंड हवा जड असते आणि खोलगटात साचते. म्हणून तंबू काठावर न लावता थोडा उंचावर लावायचा. वरच्या अंगाला पाऊस झाला तर रात्रीत चढणाऱ्या पाण्यापासूनही वाचतो. खाली मॅट चांगली हवी, चारच्या वर आर-व्हॅल्यू (जमिनीची थंडी अडवण्याचा आकडा) असलेली, कारण अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग ऊब धरत नाही. आणि बायकांनी स्लीपिंग बॅगवरचा ‘कम्फर्ट’चा आकडा बघावा, ‘लिमिट’चा नाही. प्रमाणित चाचणीत कम्फर्ट हा बाईच्या शरीरावरून काढलेला असतो आणि लिमिट अंग मुडपून झोपलेल्या पुरुषाच्या. दुकानात मोठ्या अक्षरांत कुठला लावतात हे वेगळं सांगायला नको. गॅसचा डबा घेताना नुसत्या ब्युटेनचा घेऊ नका, ते शून्याच्या किंचित खालीच वायू व्हायचं थांबतं. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या.

रॉड रात्री कुठे ठेवायचा? आत. ओला रॉड मिटून बाहेर ठेवला आणि रात्री गोठलं तर नळ्या एकमेकींना धरून बसतात. खालचं बूच फिरवून काढायचं, नळ्या सरकवून बाहेर घ्यायच्या, एकेक पुसायची, सकाळी परत आत. पाच मिनिटांचं काम, पण इथेच माझ्या रॉडची खरी खोट आहे. खालच्या बुचाचे आटे इतके बारीक आहेत की गारठलेल्या बोटांना ते नीट लागलेत की तिरके, हे कळतच नाही. फिरवायला नाणं लागतं. आणि टोकाचं बूच म्हणजे शेंगदाण्याहून लहान काळा रबर. तो गवतात पडला की गेला. माझा गेला. सुटा मिळावा म्हणून विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर आलं ते पूर्ण संच घेण्याचं. आता लाकडाची कापलेली खुंटी दोऱ्यानं मुठीला बांधलीय, ती मूळच्यापेक्षा बरी आहे.

नळ्या अडकल्याच तर पिळायच्या नाहीत, कार्बनची नळी पिळली की चिरते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना रबराचे तुकडे धरून सरळ रेषेत ढकलायचं. फ्लाय झाडात किंवा दगडात अडकली तर रॉड उचलून झटके द्यायचे नाहीत. रॉड मिटायचा, दोरी हातात घ्यायची आणि सरळ ओढायची. टोकं मोडतात ती माशांमुळे क्वचितच.

आणखी एक, हसण्यावारी नेऊ नका. कार्बनमधून वीज वाहते. बारा फुटांची कार्बनची काठी हातात धरून विजेच्या तारांखालून चालायचं नाही आणि गडगडलं की ती मिटून खाली ठेवायची.

कुणी घेऊ नये ते वर आलंच: रुंद नदी, वारा, मोठे मासे. आणखी एक गट म्हणजे ज्यांना फ्लाय लांब फेकण्यातच मजा वाटते ते. त्यांना यात काही करायला मिळणार नाही, ते कंटाळतील.

घ्यायचा असेल तर पहिला रॉड ३६० चाच घ्या, लवचीकपणा ६:४ चा. ७:३ चा टोकाकडेच वाकतो आणि जरा कडक असतो. फ्लाय नेमकी पडते, पण बारीक टिपेटला ६:४ जास्त सांभाळून घेतो. दुकानात पूर्ण उघडून बघा. प्रत्येक सांधा बसला पाहिजे आणि हलवल्यावर टकटक वाजता कामा नये. खालचं बूच हातमोजे घालून फिरवून बघा, विक्रेता हसला तर हसू दे. टोकाची नळी सुटी विकत मिळते का हे पैसे द्यायच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि दोरी रॉडच्या लांबीची देतील, तिच्यातून हातभर कापून टाका. पोच तेवढी कमी होते, पण रॉड मागे उंच केला की टिपेट सरळ डाव्या हाताशी येतो, मासा जाळीच्या टप्प्यात असतो आणि दोरी पकडून ओढत बसावं लागत नाही. जाळी कमरेला मागे चुंबकावर लावली तर ती त्याच हातानं काढता येते. लांब दोऱ्या हात बसल्यावर घ्या.